न्हाणीतल्या बाबूचं आजारपण

यंदा मृग कोरडा गेला. आर्द्राही निम्मी सरली. आभाळाकडे पाहून पाहून आमच्या पोंभुर्ण्यातल्या माणसांच्या माना अशा मागे कलल्या आहेत की समोरून कोण येतंय ते कुणाला दिसत नाही. परवा दोन सख्खे भाऊ भर रस्त्यात एकमेकांवर आदळले आणि माफी मागून परक्यासारखे निघून गेले. आमच्या भागातलं ऊन कसं असतं ते ज्याला ठाऊक नाही त्याला मी एवढंच सांगतो, की मे महिन्यात उडता कावळा वरच्या वर भाजला जातो, आणि खाली पडेपर्यंत दोन्ही बाजूंनी खमंग झालेला असतो. हे मी आजवर शेकडो लोकांना सांगितलं आहे. निम्म्यांनी मानलं. उरलेले चंद्रपूरचेच होते, त्यांनी त्यात आणखी भर घातली.

पण हे दिवस आले की माझी जीभ जड होते. बांधीच्या कोपऱ्यात रोवणीसाठी वाढवलेले धानाचे कोवळे पऱ्हे शेंड्याकडून पिवळे पडू लागतात, पाटाच्या तळाला चिखलाच्या खपल्या धरतात, आणि कुठूनतरी ठेचलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास येतो. त्या वासामागून हळदीचा. मग दुकानात बसल्या जागी माझा हात थांबतो.

माझं दुकान मोटारी बांधायचं. जळालेला पंप आणा, मी आतली काळी पडलेली तार उपसून काढतो, नवी तांब्याची तार गुंडाळतो, वार्निश पाजतो, आणि मेलेली मोटार उठून पाणी ओढू लागते. एका मोटारीनं तर विहिरीतलं पाणी संपल्यावर शेजारच्या तालुक्यातलं ओढलं होतं. तर सांगायचं असं, की बिघडलेली वस्तू समोर आली की मला भीती वाटत नाही. एकदाच वाटली. ती वस्तू माझ्या तळहातापेक्षाही लहान होती.

तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रात तो आमच्या न्हाणीत आला. न्हाणी घरामागे, पत्र्याच्या दाराची. आत एक मोठा रांजण, त्याच्याखाली कायम ओल्या विटा. वाळलेल्या सागाच्या पानाच्या रंगाचा, बोटांच्या टोकांना गोल गाद्या असलेला झाडावरचा बेडूक. भिंतीला असा चिकटायचा की जणू कोणी चिकणमातीचा गोळा फेकून मारला. माझी बायको विमल पहिल्या दिवशी किंचाळली, दुसऱ्या दिवशी तिनं त्याला बाहेर हाकललं, तिसऱ्या दिवशी तो पुन्हा साबणाच्या फळीवर बसलेला पाहून तिनं नाव ठेवलं, बाबू.

"दिवसभर बसून राह्यते, काही करत नाई," ती म्हणाली. "ऑफिसातला दिसते."

मग ती त्याच्याशी बोलायला लागली. कपडे धुता धुता, भांडी घासता घासता. कोणत्या डाळीला कीड लागली, कोणाची सून नागपूरला गेली, सगळं. साबणाचा फेस त्याच्या अंगावर उडाला की तो तडफडून वर पळतो हे तिला दोन दिवसांत कळलं, आणि तिनं साबण उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेला. दिवेलागणीला ती न्हाणीतला दिवा थोडा वेळ लावून ठेवायची, म्हणजे पाखरं आत येतील आणि बाबूचं जेवण होईल. मला म्हणायची, "त्याले हात नका लावू जी. तुमच्या हाताले वार्निशचा वास येते." तिनं कुठलं पुस्तक वाचलेलं नव्हतं. ती फक्त बघत असे.

मी बघत नव्हतो, मी सांगत होतो. संध्याकाळी बाबू फळीवर बसून आवाज काढायचा, लाकडावर कोणी बोटाच्या पेरानं टकटक करावं तसा. एकदा त्यानं टकटक केलं आणि दुसऱ्या दिवशी अवकाळी चार थेंब पडले. बस. चहाच्या टपरीवर मी जाहीर केलं की आमचा बाबू पावसाची तार पाठवतो. आठवडाभरात ती गोष्ट इतकी वाढली की हवामान खात्याचा माणूस फटफटीवरून येऊन, चपला बाहेर काढून, न्हाणीत बाबूला विचारून जातो, असं मीच सांगत होतो आणि मलाच ते थोडं थोडं खरं वाटत होतं.

त्या वर्षी मृग गेला, आर्द्राही जायला आली. पऱ्हे जळू लागले. तेव्हा एका सकाळी महादेवभाऊ आमच्या ओट्यावर येऊन बसले. महादेवभाऊ म्हणजे आमचे शेजारी, पाच एकर धानाचे मालक, कमी बोलणारे. माझ्या गप्पा ते मान डोलवत ऐकायचे. मला वाटायचं करमणूक म्हणून ऐकतात.

"मेस्त्री, धोंडी काढायची हाय," ते म्हणाले. "तलाव पायला, बोडी पायली, साऱ्या विहिरी पायल्या. एक बेडूक भेटून नाई राह्यला."

धोंडी म्हणजे, पाऊस लांबला की मुसळाला कडुलिंबाचा पाला बांधायचा, त्यात एक बेडूक बांधायचा, दोघांनी ते मुसळ खांद्यावर घ्यायचं आणि धोंडीचं गाणं म्हणत दारोदार फिरायचं. प्रत्येक घरातली बाई बेडकाला हळदकुंकू लावते, तांब्याभर पाणी ओतते. आमच्या घरी आजोबांच्या धम्मदीक्षेपासून हे सगळं बंद. धोंडी दारावरून जाते, आम्ही दार लावत नाही आणि तांब्याही आणत नाही. दोन्हीकडून मान राहतो.

"तुमच्या न्हाणीत हाय म्हणते," महादेवभाऊ म्हणाले. "अन् तुमचा तं पावसाचाच हाय. तुमीच सांगतलं."

आतून विमल दारात आली. भाऊंच्या पाठीमागून तिनं मला मान हलवून सांगितलं, नाई. दोनदा हलवली. मी ती पाहिली, आणि तरीही, ज्या माणसानं कधी माझ्या गोष्टीवर एक शब्द काढला नव्हता तो आज माझी गोष्ट खरी धरून माझ्या दारी आला आहे, या एका सुखानं माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटून रस्त्यापलीकडच्या कोंबडीला लागलं. मी म्हटलं, "न्या ना भाऊ. बाबूसारखा बेडूक तुमाले दोन जिल्ह्यात भेटनार नाई."

मीच त्याला फळीवरून काढला. तेव्हाच न्याहारी झाली होती. भाकरीबरोबर आंब्याचं लोणचं खाल्लं होतं आणि हात पॅन्टला पुसला होता. बाबू माझ्या मुठीत एकदाच जोरात ढकलल्यासारखा हलला.

ते गेल्यावर विमल म्हणाली, "तुमी मानता का धोंडी?"

"नाई."

"मंग देला काऊन?"

मी दुकानाची किल्ली घेऊन निघालो.

दिवस कलल्यावर महादेवभाऊंनी त्याला परत आणलं. ओल्या फडक्यात, दोन्ही हातांवर धरून. देवाचा प्रसाद आणावा तसं. त्यांनी त्याचं वाईट केलं नव्हतं. मुसळाला सैल बांधला होता, मधे मधे सावलीत थांबले होते. पण गावात घरं किती, आणि प्रत्येक घरची हळद एकेक चिमूट. बाबू पापण्यांपर्यंत पिवळा झाला होता. कमरेला सुताची रेघ उठली होती.

इथून पुढचं मी एरवी फार घाईनं सांगतो.

मी आधी त्याला कोरड्या पंच्यानं पुसलं. म्हटलं हळद निघेल. मग नळाखाली धरला. नव्या योजनेचा नळ, पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास असा की पितानाही डोळ्यांत पाणी यावं. मग त्याला नदीवर आहे असं वाटावं म्हणून एका परातीत बारीक खडे घातले, वर पाणी, आणि त्यात ठेवला. तीन गोष्टी केल्या आणि तिन्ही चुकल्या. विमल म्हणत होती, "राहू द्या, राहू द्या त्याले," आणि मी म्हणत होतो, "थांब, मले समजते."

सकाळी पाहतो तर बाबू आपली कातडी दोन्ही हातांनी डोक्यावरून ओढतोय, सदरा काढावा तशी, आणि तोंडात कोंबतोय. मी ओरडत घरात पळालो, "विमल, हा स्वतःलेच खाऊन राह्यला!" ती आली. आम्ही दोघं दारात उभे राहून पाहत होतो. कातडी गिळून झाल्यावर त्यानं आमच्याकडे पाहिलं, निदान मला तसं वाटलं. मग तो भिंतीवर चढायला गेला आणि घसरून खाली आला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मांड्यांच्या आतली बाजू लाल झाली, चुरचुरून उठावी तशी, मग पोटही. पाखरू पुढ्यात बसलं तरी जीभ बाहेर येईना. उताणा केला तर सुलटा व्हायला वेळ लागला. मोटार तापली तर मला हात लावून कळतं. ह्याला हात लावून काहीच कळत नव्हतं, तो थंडच होता, कायमचाच थंड प्राणी. मी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेला. भला माणूस. चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "मेस्त्री, मी बैलाले टोचतो, बकरीले टोचतो. माझी सुई ह्याच्या पायाएवढी हाय. मले हे येत नाई." आणि त्यानं चंद्रपूरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंचा पत्ता दिला.

तिसऱ्या दिवशी पाऊस आला.

आला म्हणजे कसा, तर आमची बस रस्त्यानं निघाली होती ती पोहत चंद्रपूरला लागली. माझ्या मांडीवर भोकं पाडलेला डबा, आत ओलं फडकं, फडक्यात बाबू. निघताना स्टँडवर लोकांनी मला घेरलं होतं. कोणी पाठीवर थाप मारली, कोणी हातात नारळ दिला. "तुमच्या बेडकानं आणला मेस्त्री, मानलं!" आयुष्यभर ज्या टाळ्यांसाठी मी जीभ झिजवली त्या टाळ्या एकदम वाजत होत्या, आणि मी डबा छातीशी धरून बसचं दार कधी लागतं याची वाट पाहत होतो. कंडक्टरनं विचारलं, "डब्यात काय हाय?" मी म्हटलं, "पाव्हणा." तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा तो दुसरीकडे बघू लागला.

बाईंनी बाबूला हात लावण्याआधी माझे हात पाहिले. नखांत वार्निश, बोटांच्या बेचक्यांत हळद.

"बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, ते ठाऊक आहे का तुम्हाला?" त्या शांतपणे म्हणाल्या. "कातडीनं पितो. श्वाससुद्धा बराचसा कातडीनं घेतो. तुमच्या हातावर जे असेल, मीठ, तेल, साबण, ते सगळं त्यानं प्यायलं समजा."

मला लोणचं आठवलं. मी ते सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीही न वाढवता सांगितलं: हळद, पंचा, नळ, खडे, सगळं. त्या लिहून घेत होत्या. कातडी खाल्ली ते मात्र योग्यच, त्या म्हणाल्या; बेडूक कात टाकतो आणि ती गिळतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, रोज रोज टाकू लागला तर मात्र दुखणं समजावं. बारीक खडे आधी काढा, पाखराबरोबर गिळले की आतडं बंद होतं. नळाचं पाणी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवल्याशिवाय वापरू नका, पावसाचं धरलंत तर उत्तम. एकाच जातीचे किडे रोज देऊ नका, हाडं मऊ पडतात. शक्यतो हातात घेऊच नका. घ्यावाच लागला तर हात नुसत्या पाण्यानं खळखळून धुवा आणि ओले ठेवा. आणि मांड्या लाल होणं हे चांगलं लक्षण नाही, जंतू रक्तात गेलेत. त्यांनी फोनवरून एका डॉक्टरांना विचारून औषध मागवलं, थेंब मोजून दिले. जास्त देऊ नका, कमी देऊ नका, स्वतःच्या मनानं तर काहीच देऊ नका.

"खरं म्हणजे रानातला जीव पाळायचा नसतो," त्या निघताना म्हणाल्या. "तो तुमच्याकडे राहत होता तोवर ठीक होतं. आपण त्याला उचललं तिथं चूक झाली."

आपण, म्हणाल्या. त्यांनी स्वतःला त्यात कशाला धरलं कुणास ठाऊक. मला फार बरं वाटलं आणि फार वाईट.

मग आठ दिवस. विमलनं सगळं आपल्या हातात घेतलं. टबाच्या तळाला ओलं फडकं, एका बाजूला उथळ पाणी, लपायला मडक्याचं खापर, वर मच्छरदाणीचा तुकडा. पावसाचं पाणी पागोळीखाली धरायचं, रोज बदलायचं, जुनं तलावाकडे जाऊ द्यायचं नाही, दूर कोरड्यात ओतायचं. मला काम एकच: पाखरं धरायची. पन्नाशीचा मेस्त्री दिव्याखाली टोपी घेऊन पाखरामागे उड्या मारतोय, हे दृश्य पाहायला माणसं येत, आणि मी त्यांना हाकलत असे. चौथ्या दिवशी बाबूनं एक पतंग खाल्ला. त्या दिवशी आम्ही दोघंही दोनदा जेवलो असू.

बाहेर रोवणी सुरू झाली होती. बांध्या तुडुंब, आणि अंधार पडायच्या आत बेडकांचा असा गलका की घरात बोलणं ऐकू येईना. टपरीवर चहा मागायला लोक पाटीवर लिहून देत. त्या गलक्यात बाबू टबात उठून बसे. जाळीला नाक लावी. एकदा त्यानं टकटक केलं, अगदी हलकं, दोनदाच.

विमल टबापाशी बसली होती. "अजी, सोडून देऊ ना त्याले. तेथी त्याचे लोक हायेत."

मी बाईंना फोन केला. त्या जरा थांबून म्हणाल्या, "नका सोडू. त्याचं दुखणं तलावातल्या सगळ्यांना लागू शकतं." मी फोन ठेवला. विमलनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. जाळीचा एक कोपरा तिनं सोडवून ठेवला होता. तो तिनं परत खोचला. माझ्याकडे कुठल्याही प्रसंगाला एक गोष्ट असते. त्या संध्याकाळी मी डोकं खाजवलं, घसा खाकरला, पण एकही निघेना.

नवव्या दिवशी सकाळी तो खापराखाली होता, पाय ताठ करून. बाईंनी सांगितलं होतं तसा पाण्यापासून लांब खोल खड्डा केला. टब उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात टाकायचा होता, पण ऊनच नव्हतं. आठवडाभर टब पावसात पडून राहिला.

महादेवभाऊ नारळ घेऊन आले तेव्हा मी त्यांना सगळं खरं सांगितलं. की बाबू पावसाचा नव्हता, मी थापा मारल्या, आणि तो हळदीनं मेला. ते हसले. टपरीवर सांगितलं, तिथंही हसले. "मेस्त्री, यंदाची गोष्ट रडकी केली राजेहो!" खोटं इतकी वर्षं सांगितलं की खरं सांगायला माझ्याजवळ वेगळा आवाजच शिल्लक नव्हता. पुढच्या हिवाळ्यात एक मोटार घेऊन धानोऱ्याला गेलो, तर तिथल्या एका माणसानं मला, मलाच, ऐकवलं की पोंभुर्ण्यात एक बेडूक मुसळावरून उडून ढगात शिरला आणि विरघळून पाऊस झाला. मी म्हटलं, असं झालं नाई. तो म्हणाला, "तुमाले काय ठाऊक?"

पुढची दोन वर्षं पाऊस वेळेवर आला, धोंडीची गरज पडली नाही. यंदा पडली.

आणि गेल्या आठवड्यात न्हाणीत एक नवा बेडूक आला. लहानसा, फिकट. विमलनं मला सांगितलं नाही. मला दिसला तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ओठ मिटले. त्याला नाव ठेवलेलं नाही. मी टपरीवर जाणं बंद केलं आहे, न जाणो तोंडातून निघालं तर.

काल संध्याकाळी महादेवभाऊ आले. ओट्यावर बसले. तीन वर्षांत म्हातारे झालेत. पायांना बांधीतली कोरडी माती, गुडघ्यापर्यंत.

"पऱ्हे जळून राह्यले मेस्त्री," ते म्हणाले. "न्हाणीत हाय का एखांदा?"

"नाई," मी म्हटलं.

एवढंच. ना कावळा, ना हवामान खात्याचा माणूस. उभ्या आयुष्यातलं माझं सगळ्यात आखूड खोटं. भाऊंनी मान डोलवली. बहुतेक मानलं त्यांनी. आणि त्याच वेळी घरामागून, पत्र्याच्या दाराआडून, लाकडावर पेर वाजावं तसं टकटक आलं. विमलनं आत घाईघाईनं पाटा ओढल्याचा आवाज केला, भांडं पाडलं. टकटक थांबेना.

मी माझ्या पायांकडे बघत बसलो.

"आइकू येते मले," महादेवभाऊ म्हणाले. मग घरामागे मान वळवून, "खरंच मेला होता का जी तो? हळदीनं?"

"हो भाऊ. माझ्या हातानं आधी, मंग हळदीनं."

"सांगतलं होतं तुमी. मले वाटलं गप्पा हाय." त्यांनी तळहात उलटे करून पाहिले, पुन्हा सुलटे केले. "मंग आमी काय करावं आता? सांगा तुमीच."

खाली त्यांची पाच एकर होती, वर स्वच्छ आभाळ. विमलनं चहा आणला. त्यांनी तो बशीत ओतून सावकाश प्यायला, बशी खाली ठेवली, उठले. रस्त्यापर्यंत गेले आणि तिथून वळून, आवाज खाली करून म्हणाले:

"मागचं दार नीट लावून घ्या मेस्त्री. दुसरं कोनी आइकन."